पेशीचे मोजमाप आणि विशालन

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशीचा खरा आकार ठरवण्याच्या पद्धतीला सूक्ष्ममापन म्हणतात. यातले एकक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रयोगशाळेत सर्रास ‘मायक्रॉन’च म्हटले जाते. माणसाची तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची असते आणि ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रॉन लांब. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी मात्र कित्येकदा पाव मिलिमीटरच्याही पुढे जाते.

विशालन म्हणजे प्रतिमेची लांबी भागिले वस्तूची खरी लांबी. १० पटीचा आयपीस (डोळ्याकडचे भिंग) आणि ४० पटीचे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडचे भिंग) मिळून ४०० पट होतात. पण नुसत्या या आकड्यावरून पेशी केवढी ते कळत नाही, कारण आयपीसमधून दिसणाऱ्या प्रतिमेला फूटपट्टी लावता येत नाही.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी यावर युक्ती काढली होती. एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा, दुसऱ्या उघड्या डोळ्याने तेवढ्याच अंतरावरची पट्टी पाहायची आणि दोन्ही दृश्ये एकमेकांवर आणायची. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्यांनी बुचाच्या पेशींची मोजदादही दिली आहे: इंचाच्या अठराव्या भागात सुमारे ६०, म्हणजे एका इंचात १०८०. आजच्या हिशेबाने एक पेशी साधारण साडेतेवीस मायक्रॉनची, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मोजणीला हे उत्तर फारच चांगले म्हणायला हवे. त्याच काळातले डच सूक्ष्मदर्शक-निरीक्षक लेव्हेनहूक यांनी मापासाठी वाळूचा कण धरला. वाळूचे कण सगळे सारखे नसतात, ही त्यातली उघड अडचण.

आता त्यासाठी दोन पट्ट्या वापरतात. ऑक्युलर मायक्रोमीटर ही आयपीसमध्ये बसणारी काचेची गोल चकती. तिच्यावर बहुधा १०० रेघा असतात, पण त्यांना स्वतःचे ठरलेले मूल्य नसते. स्टेज मायक्रोमीटर ही स्लाइड असते. तिच्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग पाडलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर करायच्या, डावीकडच्या रेघा जुळवायच्या आणि उजवीकडे पुन्हा कुठे तंतोतंत जुळतात ते शोधायचे. समजा ऑक्युलरचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर बसले, तर १०० भागिले ४०, म्हणजे ऑक्युलरचा एक भाग २.५ मायक्रॉनचा. मग स्टेजची स्लाइड काढून नमुना ठेवायचा. गालाच्या अस्तरातली पेशी २४ भाग भरली, तर ती ६० मायक्रॉनची. ऑब्जेक्टिव्ह बदलले की हे मूल्य बदलते आणि मापन नव्याने करावे लागते. प्रात्यक्षिकात नेमका हाच टप्पा गाळला जातो.

स्टेज मायक्रोमीटर महाग असतो. तो नसेल तर दृश्यक्षेत्राच्या व्यासावरून अंदाज काढतात. आयपीसवर लिहिलेल्या क्षेत्रांकाला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागले की हा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. क्षेत्रांक १८ असेल, तर १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली व्यास १.८ मिलिमीटर येतो. त्यात कांद्याच्या ६ पेशी टोकाला टोक लावून मावल्या, तर एकीची लांबी सुमारे ३०० मायक्रॉन.

आकृतीचे विशालन काढताना दोन्ही मापे आधी एकाच एककात आणावीत. ६० मायक्रॉनची पेशी ९० मिलिमीटर लांब काढली असेल, तर ९०,००० भागिले ६०, म्हणजे १५०० पट. छायाचित्राखाली ‘४०० पट’ लिहिण्यापेक्षा चित्रातच मापरेषा, म्हणजे ठरावीक लांबी दाखवणारी रेघ, देणे केव्हाही बरे. चित्र छपाईत लहान झाले किंवा पडद्यावर मोठे केले, तरी रेषा त्याच प्रमाणात बदलते. लिहिलेला आकडा मात्र खोटा पडतो.

विशालन वाढवत नेले म्हणून तपशील वाढत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवल्याप्रमाणे प्रकाशाच्या तरंगलांबीमुळेच मर्यादा येते. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकात ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्यापुढे चित्र फक्त मोठे आणि धूसर होते.

माप अचूक घेतले तरी नमुना दगा देऊ शकतो. टिकाव्यात म्हणून अल्कोहोलमध्ये पक्क्या केलेल्या पेशी आक्रसतात. पातळ छेदात काही पेशी मधोमध कापल्या जातात, काही कडेला, आणि कडेची पेशी उगाच लहान दिसते. म्हणून एकाच पेशीवर न थांबता बऱ्याच पेशी मोजून सरासरीबरोबर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे मापही नोंदवतात.