शायेन

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील एक आदिवासी जमात. भाषा अल्गॉन्क्वियन कुळातली. ‘शायेन’ हे नाव शेजारच्या डकोटा जमातीच्या बोलीतून आलेले. हे लोक स्वतःला ‘त्सित्सिस्तास’ म्हणवतात.

घोड्यावरून बायसनमागे (अमेरिकी रानगव्यामागे) धावणारा शिकारी ही त्यांची ओळख तशी अलीकडची. सतराव्या शतकात ते आजच्या मिनेसोटात होते, पुढे शायेन नदीकाठी मातीची घरे बांधून मका पिकवू लागले. अठराव्या शतकात घोडा हाती आला आणि शेती मागे पडली. मग बायसनच्या कातड्यांचा टिपी, म्हणजे शंकूसारखा तंबू, हेच घर झाले. तो शिवायचा, उभारायचा बायकांनी, आणि मालकीही त्यांचीच. नवे जोडपे बहुधा मुलीच्या माहेराजवळ राही. तरी सासू-जावई एकमेकांशी बोलत नसत, त्यातच मान होता. साळिंदराचे काटे रंगवून कातड्यावर नक्षी करणाऱ्या बायकांचे वेगळे मंडळ असे.

कारभार ४४ प्रमुखांच्या सभेकडे. मुदत १० वर्षे. प्रमुखाने कितीही चिथावले तरी संतापायचे नाही, असा दंडक होता. लढाई आणि शिकारीतली शिस्त योद्ध्यांचे संघ सांभाळत. सर्वांत पवित्र ठेवा म्हणजे चार बाण. ते स्वीट मेडिसिन या पुराणपुरुषाला बेअर ब्यूट डोंगरावर मिळाले, अशी श्रद्धा आहे. शायेनाने शायेनाला मारले की बाणांवर रक्त चढते आणि शिकार रुसते, असे मानत. म्हणून खुनाबद्दल देहदंड नव्हता. खुन्याला हद्दपार करत आणि सारी जमात जमवून बाणांचे शुद्धीकरण करत. १८३० मध्ये पॉनी या शत्रू जमातीशी लढताना हे बाणच शत्रूच्या हाती गेले. तो घाव शायेन विसरले नाहीत.

पुढे गोऱ्यांची गर्दी वाढली. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे ब्लॅक केटल या शांततावादी प्रमुखाच्या वस्तीवर सैन्य तुटून पडले. त्याच्या टिपीवर अमेरिकी झेंडा होता. मेलेल्यांत बायका, मुले, म्हातारेच जास्त. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी शायेन आणि लाकोटा या जमातींनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टरचा पराभव केला, पण पुढच्याच वर्षी उत्तरेकडील शायेनांची रवानगी दक्षिणेत, आजच्या ओक्लाहोमात झाली. उपासमार आणि हिवतापाला कंटाळून १८७८ मध्ये डल नाइफ आणि लिटल वुल्फ हे प्रमुख सुमारे ३०० जणांसह मायदेशी निघाले. डल नाइफचा गट फोर्ट रॉबिन्सन या लष्करी ठाण्यात कोंडला गेला; जानेवारी १८७९ च्या थंडीत अन्न तोडल्यावर त्यांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. कित्येक बर्फातच मारले गेले.

१८८४ मध्ये मोंटानात उत्तरेकडील शायेनांना राखीव प्रदेश मिळाला. बाण मात्र दक्षिणेकडील शायेनांकडे, ओक्लाहोमात आहेत.