दिव्यांगांची संघटना आणि दिव्यांगांसाठीची संस्था: कायदा करताना कोणाला विचारलं?

नव्या नियमांचा मसुदा आला की सोबत एक ओळ हमखास येते: दिव्यांग संघटनांशी चर्चा केली आहे. चर्चेला कोण होतं असं खोदून विचारलं, तर विशेष शाळेचे मुख्याध्यापक, पुनर्वसन केंद्राचे संचालक, एखाद्या ट्रस्टचे विश्वस्त अशी नावं निघतात. माणसं भली असतात, त्यांचं कामही मोठं असतं. पण ही झाली दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था. दिव्यांगांनी स्वतः बांधलेली, स्वतः चालवलेली संघटना ही वेगळी चीज आहे.

कागदपत्रांवरून फरक कळेल असं समजू नका. मुंबईत दोघींनाही नोंदणीसाठी वरळीच्या धर्मादाय आयुक्तांचाच उंबरठा झिजवावा लागतो, आणि लेटरहेडवर व्हीलचेअरचं चित्र दोघींच्याही असू शकतं. बघायची ती त्यांची घटना, म्हणजे नियमावली, आणि कार्यकारिणी. सभासद कोण होऊ शकतं? सर्वसाधारण सभेत मत कोणाला? अध्यक्षांचं काम पटलं नाही तर त्यांना घरी कोण बसवू शकतं? संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने २०१८ मध्ये हाच निकष लावला: नेतृत्व आणि कारभार दिव्यांगांच्या हाती हवा, आणि सभासदांमध्ये त्यांचं स्पष्ट बहुमत हवं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या दिव्यांग हक्क करारातलं कलम ४(३) सांगतं की कायदे आणि धोरणं करताना दिव्यांगांना, दिव्यांग मुलांनासुद्धा, त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत सामील करून घ्या. ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, याचा खुलासा समितीने या निकषातून केला.

अंधांच्या बाबतीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ सालची. ब्रेल पुस्तकं, प्रशिक्षण, पुनर्वसन ही तिची ओळख. १९७० साली स्थापन झालेली नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही मात्र अंधांनी उभी केलेली संघटना. ती १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निकाल घेऊन आली की अंध उमेदवारांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देता आली पाहिजे. २०१३ मध्ये आणखी एक निकाल मिळवला: सरकारी नोकऱ्यांतलं तेव्हाचं तीन टक्के दिव्यांग आरक्षण मोजायचं ते संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर, फक्त दिव्यांगांसाठी निवडून ठेवलेल्या पदांवर नाही. संस्थेला असं काही सुचत नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या खात्याकडून शाळेचं अनुदान यायचं, त्याच खात्याला कोर्टात खेचणं कोणत्याही संस्थाचालकाला जड जातं, हे कोणी उघड बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक आहे.

दोघांचं म्हणणं प्रत्यक्षात किती दूर जाऊ शकतं ते कर्णबधिरांच्या एका प्रकरणात दिसलं, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. श्रवण आणि वाचा हा तिचा विषय: ऐकण्याची तपासणी, श्रवणयंत्र, वाचा उपचार. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी एक केंद्र २०११ मध्ये सुरू झालं आणि दोनच वर्षांत बंद पडलं. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने ठरवलं की ते या संस्थेच्या दिल्लीतल्या प्रादेशिक केंद्रात विलीन करायचं. फाइलवर हे अगदी सोयीचं दिसतं. विषय एकच, इमारत आहे, तज्ज्ञ आहेत, मग वेगळा खर्च कशाला? कर्णबधिरांनी विरोध केला. श्रवण-वाचेची संस्था बहिरेपणाकडे दुरुस्त करायची गोष्ट म्हणून बघते आणि आम्हाला आमची भाषा हवी आहे, असा तो पेच होता. निदर्शनं झाली, बैठका झाल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने स्वतंत्र केंद्राला मंजुरी दिली. नुसतं तज्ज्ञांना विचारून काम भागलं असतं, तर विलीनीकरण बिनबोभाट पार पडलं असतं.

पालकांच्या संघटना या दोन्हींच्या मधे येतात, आणि इथे सरळ रेघ मारता येत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचे आईवडील वर्षानुवर्षं लढले म्हणूनच बरंच काही हाती आलं. ‘आमच्या माघारी कोण?’ हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पण घरातल्या पंचविशीच्या मुलीचा प्रश्न वेगळा असू शकतो: माझ्या बँक खात्यावर सही कोणाची? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम १४ मर्यादित पालकत्वाबद्दल बोलतं आणि निर्णय त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून घ्या म्हणतं. त्यावर आईचं आणि मुलीचं मत एकच असेल असं धरून चालता येत नाही. संयुक्त राष्ट्रांची समिती कुटुंबीयांच्या संघटनांना जागा देते, पण त्या व्यक्तींना हवा असेल तेव्हाचा आधार म्हणून.

आपल्या कायद्याने हा गुंता सोडवलाय का? अर्धाच. कलम ६६ नुसार राज्य सल्लागार मंडळावर स्वयंसेवी संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी नेमायचे, आणि ते ‘शक्यतोवर’ दिव्यांग असावेत. म्हणजे संस्थेचा प्रतिनिधीही चालतो, संघटनेचाही, आणि ‘शक्य झालं नाही’ म्हणायची पळवाटही आहे. दर सहा महिन्यांनी निदान एक बैठक व्हायला हवी. राज्याला धोरणांबाबत सल्ला द्यायची, कायद्याने ठरवून दिलेली जागा हीच.

महाराष्ट्रातल्या या मंडळाची अवस्था मुंबईच्या फुटपाथांमुळे बाहेर आली. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून लावलेल्या बोलार्डमध्ये, म्हणजे ठेंगण्या खांबांमध्ये, इतकं कमी अंतर होतं की व्हीलचेअर आत शिरेना. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. पुढे २०२४ मध्ये त्याच सुनावणीत कळलं की राज्य सल्लागार मंडळ २०२० पासून ठप्प आहे, कारण अशासकीय सदस्यांच्या जागाच भरलेल्या नाहीत. न्यायालयाने ते कामाला लावायला सांगितलं. म्हणून मंडळावरची नावं जाहीर होतात तेव्हा दहाच्या दहा जागा भरल्या का, एवढंच बघून थांबू नका. त्यातले किती जण स्वतः दिव्यांग आहेत, आणि त्यांना कोणत्या सभासदांनी पाठवलंय, ही माहिती अधिकाराच्या अर्जात विचारता येण्याजोगी गोष्ट आहे.