टेलीफोटो लेन्सने तेजोमेघ टिपताना: कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या ग्राहकांसाठी

पाऊस सरला की दुकानात हमखास विचारणा होते: ‘तेजोमेघाचे फोटो काढायचेत, ६०० मिलिमीटरची लेन्स भाड्याने मिळेल का?’ मिळेल. पण आम्ही ती सुचवत नाही. १३५ किंवा २०० मिलिमीटरची लेन्स न्या आणि वाचलेल्या भाड्यात ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, घ्या. घरी लग्नकार्यासाठी किंवा पक्ष्यांसाठी घेतलेली ७०-२०० असेल, तर लेन्सचं भाडंसुद्धा वाचलं.

याचं कारण तेजोमेघांच्या आकारात आहे. तेजोमेघ म्हणजे अवकाशातले वायू आणि धुळीचे प्रचंड ढग. ते लहान नसतात, मंद असतात. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो. मृग नक्षत्रातला प्रसिद्ध तेजोमेघ साधारण एक अंशाचा, म्हणजे चंद्राच्या दुप्पट रुंद आहे. धनु राशीतला लगून तेजोमेघ लांबीला तीन चंद्र भरेल. एपीएस-सी (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स लावली की चौकट सुमारे ६.७ बाय ४.५ अंशांची मिळते. तिच्यात मृगाच्या पोटात घुसलेला त्रिकांड बाण आणि त्याच्या दक्षिणेचा तेजोमेघ, दोन्ही एकत्र बसतात. शिवाय एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं: एफ २.८ ची लेन्स सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर एफ ६.३ च्या लेन्सच्या पाचपट प्रकाश टाकते. मंद गोष्ट टिपायची तर हा फरक फार मोठा.

हे काही नवं नाही. अमेरिकी खगोल अभ्यासक हेन्री ड्रेपर यांनी सप्टेंबर १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं, ते मोठ्या दुर्बिणीतून, ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरने. पण १८८९ पासून खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड यांनी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत आकाशगंगेची जी छायाचित्रं घेतली, त्यासाठी वापरलेली भिंगं मुळात माणसांचे फोटो काढायला बनवलेली होती. विस्तीर्ण, मंद तेजोमेघांना रुंद दृष्टिक्षेत्र आणि मोठं छिद्र मानवतं, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

ट्रॅकर का लागतो

पृथ्वी फिरते तसं आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं (एका अंशात ३६०० विकला). २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला एक पिक्सेल साधारण चार विकलांचा पडतो. म्हणजे नुसत्या ट्रायपॉडवर एका सेकंदात तारा जवळजवळ चार पिक्सेल ओलांडतो आणि त्याची रेघ होते. ट्रॅकर कॅमेऱ्याला पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरवतो, म्हणून मिनिटभराचं एक्स्पोजर देता येतं. ट्रॅकर नसेल तर अर्ध्या-एक सेकंदाचे शेकडो फोटो काढून ते एकत्र करता येतात. मृगातला तेजोमेघ असाही येतो, पण बाकीच्यांच्या बाबतीत ही मेहनत सहसा फळत नाही.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावायचा, आणि कोकणात अडचण इथेच येते. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो: रत्नागिरीत १७ अंश, मालवणात १६. एवढ्या खाली तो माडांमागे सहज लपतो, नाहीतर किनाऱ्याच्या धुरकटीत विरतो. जागा निवडताना आधी उत्तर मोकळी आहे का ते बघा, मग बाकीचं. स्वतःचा ट्रॅकर असेल तर त्याचा पाया १६ अंशांपर्यंत खाली झुकतो का, तेही तपासा. आणि ध्रुवतारा नुसता मधोमध आणून भागत नाही, कारण तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे. ध्रुवदर्शकातल्या (ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर त्याची त्या वेळची जागा कुठली, हे फोनवरचं अ‍ॅप दाखवतं. सामान देताना आम्ही हे करून दाखवतो. घाई असेल तरी तेवढी दहा मिनिटं द्याच.

फोकस

आमच्याकडे दाखवायला आणलेल्या फसलेल्या फोटोंत सर्वाधिक वाटा फोकसचा असतो. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर दोन्ही बंद करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. व्याधासारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये घ्या, पडद्यावर दहापट मोठा करा आणि कडी अगदी हळू फिरवा. तारा आधी फुगीर थाळीसारखा दिसेल, मग आवळत जाईल. एका बाजूला त्याच्या कडेला जांभळट झाक येते, थोडं पुढे गेलं की हिरवट. सर्वांत बारीक ठिपका या दोहोंच्या मध्ये असतो. लेन्सपुढे बाख्तिनोव्ह मास्क, म्हणजे चिरा पाडलेलं झाकण, लावला तर काम आणखी सोपं: ताऱ्याला तीन रेघा फुटतात, आणि मधली रेघ बरोबर दोघींच्या मध्यावर आली की फोकस झाला. लगेच कडीवर चिकटपट्टी लावा. रात्र गार होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा बघा.

सुरुवातीला एफ २.८ ची लेन्स एफ ४ वर आणा म्हणजे कोपऱ्यातले तारे नीट येतील. आयएसओ ८०० ते १६००, एक्स्पोजर ६० सेकंद, फाइल रॉ. एका फोटोत फारसं काही दिसणार नाही, त्याने खट्टू होऊ नका. साठ फोटो म्हणजे तासाभराचा प्रकाश. वेळ चौपट केला की चित्रातला खरखरीतपणा निम्म्यावर येतो. मृगातल्या तेजोमेघाचा गाभा मात्र इतका तेजस्वी आहे की मिनिटाभरात पांढरा फटक होतो, म्हणून पाच-पाच सेकंदांचे काही फोटो वेगळे घ्या. शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे वीसेक काळे फोटो काढा. हे सगळं एकत्र करायला सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, दोन्ही फुकट मिळतात.

रंगाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर हिरमोड नको. तेजोमेघांचा लाल रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. मृग, लगून आणि कृत्तिकांभोवतीची निळी धूळ साध्या कॅमेऱ्याने छान येतात. रोझेटसारखे निव्वळ लाल तेजोमेघ फिकट येतात. त्यासाठी फिल्टर काढलेला कॅमेरा लागतो. पण पहिल्याच मोसमात स्वतःचा चांगला कॅमेरा उघडून घेऊ नका.

दव आणि खारा वारा

मध्यरात्रीनंतर कोकणात लेन्सवर दव बसतं, आणि ते बसलेलं कळतच नाही. फोटो फक्त मंद होत जातात. ड्यू हीटरची (लेन्स किंचित गरम ठेवणारी) पट्टी पुढच्या भिंगाच्या मागे गुंडाळून दव पडायच्या आधीच सुरू करा, पॉवर बँकवर ती रात्रभर चालते. गाडीतल्या किंवा खोलीतल्या एसीतून लेन्स थेट बाहेर आणली की ती लगेच धुरकटते, म्हणून तासभर आधी बॅगेतच बाहेर ठेवा.

पुळणीपेक्षा सडा केव्हाही बरा. वाळूत ट्रायपॉड रुततो आणि लाटांचे तुषार लेन्सवर येतात. कातळ घट्ट असतो, गडग्याच्या आडोशाला वारा लागत नाही. संध्याकाळचा खारा वारा पडून जमिनीवरून मतलई सुरू झाली की हवेतला खारही कमी होतो. पण सड्यावर रात्री फुरसं फिरतं. बूट घाला, दगडांत हात घालू नका, खाली बसण्याआधी टॉर्च मारा. आंब्याच्या मोसमात बागांत राखण असते, तेव्हा जागामालकाला दिवसाच सांगून ठेवा. वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर जाऊच नका, कारण अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

केव्हा काय

वद्य दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री धरा. मृग डिसेंबर ते फेब्रुवारी. लगून ऐन पावसात मध्यरात्री सर्वांत वर येतो, म्हणून त्याला मार्च-एप्रिलच्या पहाटे गाठायचं, किंवा ऑक्टोबरात अंधार पडताच नैर्ऋत्येला. आमचा सर्वांत लाडका मात्र दक्षिण आकाशातला कराइना तेजोमेघ. तो दिल्लीहून क्षितिजाला जेमतेम चिकटलेला असतो. मालवणातून १४ अंश वर येतो, आणि मृगातल्यापेक्षा आकाराने कितीतरी मोठा आहे. एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास, दक्षिणेला मोकळं पाणी दिसेल अशा टोकावरून बघा. मळभ नसेल तरच जा, कारण एवढ्या खाली धुरकटी सगळं खाऊन टाकते.

परत आणताना लेन्स पुसू नका. मीठ बसलेल्या काचेवर कोरडं फडकं फिरवलं तर चरे पडतात. फुंकणीने धूळ उडवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह बॅगेत ठेवा आणि तशीच आणा, साफसफाई आम्ही करतो. ट्रॅकर मोजकेच आहेत, तेव्हा अमावास्येच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा.