खाडा कुणाच्या नावावर?

25 मार्च 2020 रोजी देशभर लॉकडाऊन लागला, तो दिवस गुढीपाडव्याचा होता. विदर्भातल्या गावांत पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. पैसे किती, धान्य किती हे ठरतं आणि त्यासोबत खाड्याचंही बोलून घेतलं जातं. ताप असो की घरात मयत, न आलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्या पाडव्याला जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारातही हाच प्रश्न उभा राहिला. काम मालकाने थांबवलं नव्हतं, रेजा म्हणजे मजूर बाया आणि हमाल यांनीही थांबवलं नव्हतं. मग हा खाडा कुणाचा?

सुट्टीचा हक्क मुंबईच्या गिरण्यांतून आला. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. भरपगारी वार्षिक रजा कायद्यात यायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला. 1948च्या कारखाने अधिनियमात 1954च्या दुरुस्तीने हिशेब घालून दिला: कॅलेंडर वर्षात 240 दिवस काम केलं, की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा.

हा हिशेब बारमाही गिरणीचा होता. कापसाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल धरला, तर एकूण दिवस भरतात 181. आठवड्याच्या सुट्ट्या वजा केल्या की उरतात साधारण 155. एकही खाडा न करणाऱ्या बाईचेही 240 भरत नसत.

आजारपणाचं तर त्याहून वाईट. 1948च्याच कामगार राज्य विमा कायद्यात आजारी कामगाराला रोख भत्ता होता. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कशाला म्हणायचं ते सांगताना कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग (गाठी बांधणं) नाव घेऊन लिहिलं. काम बंद पडलं तर निम्मा पगार देणारी औद्योगिक विवाद कायद्यातली ले-ऑफची तरतूदही हंगामी आस्थापनांना लागू नव्हती. तीन दारं, आणि तिन्ही बंद. ही नजरचूक नाही. कायदा करणाऱ्यांनी हा कामगार पाहिला आणि बाजूला ठेवला, असंच मला वाटतं.

म्हणून 29 मार्च 2020चा केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश इथे मोठा होता. लॉकडाऊनच्या काळात मजुरी कापू नका, असं त्यात सर्व मालकांना बजावलं होतं. 31 मार्चला राज्य सरकारनेही कंत्राटी कामगारांसह सर्वांना कामावर हजर धरायला सांगितलं. पण 18 मेपासून केंद्राचा आदेश उठला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात तडजोड करावी, असा मार्ग सांगितला. ज्याच्याकडे हजेरीचा कागदच नाही, जो मुकादमाच्या वहीतलं एक नाव आहे, त्याने तडजोडीला कुणासमोर बसायचं?

फेब्रुवारी 2021मध्ये दुसरी लाट अमरावतीत आधी दिसली; 22 तारखेपासून अमरावती आणि अचलपूर शहरं बंद झाली. एप्रिलमधल्या राज्याच्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात कारखान्यांसाठी एक चांगलं कलम होतं: कामगाराला कोरोना झाला तर त्याला वैद्यकीय रजा द्यायची, कामावरून काढायचं नाही आणि पूर्ण पगार द्यायचा. निदान आजाराचा खाडा तरी कामगाराच्या नावावर पडू नये, हे तिथे लिहिलं गेलं. मात्र तो साथीच्या काळातला आदेश होता, कायमचा कायदा नव्हे.

21 नोव्हेंबर 2025पासून या जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. पगारी रजेसाठी 240 ऐवजी आता 180 दिवस लागतात. जिनिंगचे 155 त्याच्याही अलीकडेच थांबतात. आणि विमा व ले-ऑफमधून हंगामी कारखाने वगळण्याची जुनी ओळ नव्या संहितांतही तशीच आली आहे.