तात्पर्याच्या आधी प्रश्न होता : भडोच ते बडोदे, बोधकथांचा मागोवा

बडोद्यातल्या मराठी मुलांच्या कथाकथन स्पर्धा असोत की उन्हाळी सुट्टीतले संस्कारवर्ग, गोष्ट संपली की मूल श्वास घेतं आणि ठरलेल्या सुरात म्हणतं, "तात्पर्य..." गोष्ट आणि तिचं एका ओळीचं तात्पर्य ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती मुळापासूनचीच असावी असं वाटतं. पण आपल्याकडच्या जुन्या बोधकथा बहुतेक वेळा कुणाच्या तरी अडचणीला, शंकेला, भांडणाला दिलेलं उत्तर म्हणून सांगितल्या गेल्या. कोणी विचारलं आणि कोणाला सांगितलं, हे गोष्टीतच बांधलेलं असायचं. ते सुटलं की बोध बदलतो, कधी कधी उलटाही होतो.

मराठीतल्या दृष्टांतांची सुरुवात शोधायला निघालं तर वाट बडोद्याच्या अगदी जवळून जाते. इथून दक्षिणेला सत्तरेक किलोमीटरवर भडोच. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामी हे तिथल्या प्रधानाचे, विशाळदेवाचे, पुत्र हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेला म्हणून घर सोडलेला हा गुजराती प्रधानपुत्र पुढे गोदाकाठच्या माणसांशी त्यांच्याच मराठीत बोलला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी 'लीळाचरित्रा'त जमवल्या आणि केसोबासांनी चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त वेगळे काढून लावले. त्याची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे : आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचं वचन, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट कशाला लागू करायची ते. गोष्ट एकटी कधीच येत नाही.

त्यातला कठियाचा दृष्टांत घेऊ. देवळाची देखभाल करणारा एक कठिया. रोज झाडलोट करतो, सडासंमार्जन करतो, रांगोळी भरतो, सगळं मनापासून. गावचे महाजन ते पाहतात आणि म्हणतात, हा देवाची इतकी सेवा करतो, याला काहीतरी बांधून द्यायला हवं. रोजचं वेतन ठरतं. कठिया काम पूर्वीसारखंच करतो, तितकंच नीट. पण देवतेकडून मिळायचं फळ मात्र गेलं, असं चक्रधर सांगतात.

ही गोष्ट मी जितक्यांदा वाचतो तितकी ती मला अडवते. महाजनांनी काय वाईट केलं? राबणाऱ्या माणसाच्या पोटाची सोय पाहिली, ती कुणीही भल्या माणसाने पाहावी. कठियानेही कामात कसूर केली नाही. मग चुकलं कुठे? कुणाचंच चुकलं नाही आणि तरी काहीतरी हरवलं, हीच या दृष्टांताची धार आहे. आता ऐकणारे कोण होते ते पाहा. चक्रधरांभोवतीची माणसं घरदार सोडून आलेली, भिक्षा मागून जगणारी, कर्माच्या फळाची आस सोडू पाहणारी. त्यांना हा प्रश्न स्वतःच्या मनाला विचारायचा होता. हीच गोष्ट देवळातल्या झाडूवाल्याला, पगार मागितला म्हणून कुणी ऐकवली, तर तो सरळसरळ अन्याय होईल. गोष्टीतला एक शब्दही न बदलता तिची नीती पालटते.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टही दृष्टांतपाठात आहे. परमेश्वराचं ज्ञान कसं तुकड्यातुकड्याने होतं, हे तिथे सांगायचं आहे. त्याच्या कितीतरी शतकं आधी बौद्धांच्या पाली 'उदान' ग्रंथात ती भेटते. तिथे निमित्त आहे श्रावस्तीत आपापल्या मतांवरून एकमेकांशी कडाकडा भांडणाऱ्या पंथीयांचं.

पाली कथा मराठीत आणण्याच्या कामात बडोद्याचा वाटा मोठा आहे आणि तो इथल्याच तरुण मंडळींना फारसा ठाऊक नसतो, याची खंत वाटते. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी महाराष्ट्रात राहावं आणि लिहावं म्हणून सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. त्यासाठी कोसंबींनी कलकत्ता विद्यापीठातली जास्त पगाराची नोकरी सोडली. बडोद्यात दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचं 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये निघालं, आणि १९१४ च्या 'बुद्धलीलासारसंग्रहा'त त्यांनी जातककथा, म्हणजे बुद्धांच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, सोप्या मराठीत सांगितल्या. कठियाच्या दृष्टांताशेजारी ही हकिकत ठेवून पाहावी. इथे बांधून दिलेल्या रकमेने कामाचं फळ गेलं नाही, उलट ते आपल्या सगळ्यांच्या पदरात पडलं.

जातकाचा साचाही दृष्टांतपाठासारखाच जोडलेला आहे. आधी वर्तमानकथा, म्हणजे भिक्षुसंघात काय घडलं म्हणून बुद्धांनी ही गोष्ट काढली. मग अतीतकथा. शेवटी समवधान, म्हणजे त्या जन्मीचा अमुक तो आजचा कोण. ५४७ जातकांतलं शेवटचं म्हणजे वेस्संतर जातक. दानाचं व्रत घेतलेला हा राजपुत्र राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकतो, वनवासात जातो आणि तिथे जूजक नावाच्या ब्राह्मणाने मागितली म्हणून पोटची दोन्ही मुलं देतो. जूजक त्यांना वेलीने बांधून, मारत नेतो. दानपारमितेचा, म्हणजे दानाच्या परिपूर्णतेचा, हा कळस मानला गेला. पण ऐकणाऱ्यांना तो सहज पचला असं नाही. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नेमकं हेच विचारतो : ज्याला पुण्य हवं त्याने दुसऱ्याला दुःख का द्यावं? स्वतःलाच का देऊ नये? नागसेन सविस्तर उत्तर देतो, तरी मला त्या पानांवर राजाचा प्रश्न अधिक वजनदार वाटतो. आणि तो ग्रंथात राहू दिला गेला, याबद्दल त्या परंपरेचा आदर वाटतो.

मराठी घरांत याच जातीची कथा म्हणजे श्रियाळ-चांगुणा. शिवलीलामृताच्या चौदाव्या अध्यायात ती आहे, आणि तमिळ शैवांच्या पेरियपुराणात सिरुत्तोंडरच्या नावाने हीच कथा बाराव्या शतकात सापडते. अतिथी त्यांच्या मुलाचं, चिलयाचं, मांस मागतो. आईने बाळाचं मस्तक उखळात कांडायचं, डोळ्यांतून टिपूस काढायचा नाही. आणि वर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. बाळ हाकेला धावत येतं आणि सारं गोड होतं.

पण कीर्तनात ही कथा कुठे येते? उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात. त्याआधी पूर्वरंगात बुवांनी एखादा अभंग घेऊन भक्ती म्हणजे काय, अतिथी म्हणजे कोण, हे सोडवून सांगितलेलं असतं. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यातल्या मराठी माणसांनी देवळांतून अशी आख्यानं ऐकली. उखळापाशी बुवा थांबतात, झांजा थांबतात, आणि बायका पदर डोळ्यांना लावतात. त्या थांबण्यात प्रश्नाला जागा मिळते. कथेचा शेवट गोड आहे म्हणून चांगुणेवर झालेली जबरदस्ती पुसली जात नाही, हे ऐकणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग हे सगळं एका ओळीत कधी आटलं? छापखान्यापासून, असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ मध्ये आली. खुद्द इसापच्या गोष्टींनाही शेवटची बोधाची ओळ पुढच्या संकलकांनीच जोडलेली आहे. ही पुस्तकं शाळांसाठी होती, आणि शाळेत गोष्टीवर प्रश्न विचारायचा तर तात्पर्य विचारणं सर्वांत सोपं. बडोदे संस्थानाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा वाचता येणाऱ्या मुलांची संख्या वाढली ही फार मोठी गोष्ट. पण गोष्ट पुस्तकात एकटी आली, विचारणारा मागे राहिला.

बडोद्यातच यावरचा इलाज पाहायला मिळतो. गायकवाड घराण्याच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ नंतरच्या काही वर्षांत चार भिंती रंगवल्या. त्यातली एक 'नटीर पूजा'. मूळ कथा 'अवदानशतका'तली, रवींद्रनाथांनी तिचं नाटक केलं. स्तूपाची पूजा राजाज्ञेने बंद आहे, आणि राजनर्तकी श्रीमतीला तिथेच नाचायचा हुकूम होतो. ती नाचते. पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, नाचाचीच पूजा होते आणि तिला जीव गमवावा लागतो. तिने हुकूम पाळला की मोडला? मुलांना तिथे न्यावं, गोष्ट सांगावी आणि हे विचारावं. स्पर्धांतही तात्पर्याचे गुण काढून टाकून मुलाला एवढंच विचारता येईल : ही गोष्ट तू कुणाला सांगशील, आणि कुणाला मुळीच सांगणार नाहीस?