पार्श्वभूमी : दोन तपासण्यांच्या मधले दिवस

बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस डॉक्टरांसमोर काही मिनिटंच असतो. त्याची तब्येत ढासळते ती पुढच्या तारखेपर्यंतच्या दिवसांत, घरी. घरपोच शुश्रूषेची सुरुवात जुनी आहे. लिव्हरपूलमध्ये १८५९ साली व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी गरीब रुग्णांच्या घरी जाण्यासाठी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला नेमलं. पण ती सोय आधीच अंथरुणाला खिळलेल्यांसाठी होती.

आजार बळावण्याआधी गाठण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे १९४० पासून सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने बसवली. घरोघर पाहणी करायची, कुठल्या घरी काय कमी पडतं ते नोंदवायचं आणि औषधांसोबत परसात भाजीही लावायला शिकवायचं. १९६८ च्या सुमारास वेल्समधल्या ग्लिनकॉरुग गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी खोकल्यासाठी आलेल्याचाही रक्तदाब मोजायला सुरुवात केली, आणि जे येत नव्हते त्यांना शोधून काढलं. आमच्या मते खरा बदल इथे झाला. न आलेला रुग्णही आपलाच, हे त्यांनी मान्य केलं. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभागाला स्थान दिलं.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हार्ट फेल्युअर (हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू न शकणं) असलेल्या सत्तरीपुढच्या २८२ रुग्णांपैकी काहींना परिचारिकेचं मार्गदर्शन, औषधांची फेरतपासणी, गृहभेटी आणि फोन मिळाले. हार्ट फेल्युअरमुळे ९० दिवसांत पुन्हा भरती होणं त्यांच्यात निम्म्याहून कमी झालं. मात्र इंग्लंडमध्ये २००० नंतर आलेल्या ‘व्हर्च्युअल वॉर्ड’च्या (रुग्ण घरीच, पण देखरेख वॉर्डातल्यासारखी) अभ्यासात तातडीच्या भरत्या घटल्याचा पुरावा सापडला नाही. अशा योजनांत एक फसगत हमखास होते. गेल्या वर्षी वारंवार भरती झालेले लोक निवडले, तर पुढच्या वर्षी त्यांच्या भरत्या एरवीही कमी होतात. तुलनेला दुसरा गट नसेल तर ते श्रेय योजनेला मिळतं. शिवाय तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून निवड आधीच्या खुणांवरून हवी : चार मीटर चालायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागणं, नकळत वजन उतरणं, औषधं न्यायला यायची तारीख चुकणं. हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी लघवीनंतर, खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करायचं. एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, म्हणजे अंगात पाणी साठत असल्याची शक्यता असते, तर धाप लागण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कळवायचं. घोळ बहुतेकदा इथेच होतो. वहीत आकडे असतात, पण ते कुणी पाहत नाही. किंवा परिचारिका पाहते, पण लघवीच्या (अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर काढणाऱ्या) गोळीचा डोस वाढवायचे लेखी अधिकार तिला दिलेले नसतात, आणि डॉक्टरांची तारीख निघते पुढच्या आठवड्यातली.