मोकळ्या कुरणातील न्यूमोनिया

दाटीवाटीने कोंडलेल्या जनावरांपेक्षा मोकळ्यावर चरणाऱ्या जनावरांची फुप्फुसे अधिक निरोगी राहतात, हे बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या गुरांच्या कळपात, अजून आईला पिणाऱ्या वासरांना भर कुरणात न्यूमोनिया होतो. मोकळ्या हवेला आपण जरा जास्तच श्रेय देतो, असे म्हणावे लागेल.

गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वासराला सुरुवातीचे संरक्षण मिळते ते केवळ चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांतच, कारण जन्मानंतर दिवसभरात त्याचे आतडे ही प्रतिपिंडे शोषून घेणे थांबवते. पुढील काही महिन्यांत हे उसने संरक्षण ओसरत जाते. वासराची स्वतःची प्रतिकारशक्ती मात्र तोवर पुरती तयार झालेली नसते.

याच काळात श्वसनमार्गावर हल्ला करणाऱ्या विषाणूंचे फावते. ते श्वासनलिकेच्या अस्तरावरील, घाण सतत वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसलांची हानी करतात, आणि मग एरवी निरोगी जनावराच्या नाकातही मुकाट राहणारा मॅनहाइमिया हा जिवाणू खाली फुप्फुसात उतरतो. त्याचे विष, जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींनाच मारते. ताप 40 अंश सेल्सियसच्या वर जातो, कान गळतात, नाक वाहते आणि शेवटी जनावर मान लांबवून, तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागते. प्रतिजैविके उपयोगी पडतात ती या जिवाणूंवर. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही.

बाहेरचे एकही जनावर न आणलेल्या कळपात विषाणू येतो कुठून? गुरांचा हर्पीस विषाणू एकदा शरीरात शिरला की चेतापेशींमध्ये आयुष्यभर दडून राहतो आणि प्रवासासारखा ताण आला की पुन्हा नाकावाटे बाहेर पडू लागतो. बोव्हाइन व्हायरल डायरियाच्या विषाणूची रीत याहून विलक्षण आहे. नावात अतिसार असला तरी प्रतिकारशक्ती खच्ची करून तो श्वसनरोगांनाही वाट मोकळी करतो. गाय साधारण दीड ते चार महिन्यांची गाभण असताना तिला त्याची लागण झाली, तर गर्भाची प्रतिकारयंत्रणा त्या विषाणूला परका न मानता शरीराचाच भाग मानते. असे वासरू जगले, तर त्याच्या नाकातून, लाळेतून आणि शेणातून विषाणू जन्मभर बाहेर पडत राहतो. कधी ते खुरटते, तर कधी इतके धडधाकट दिसते की अनुभवी पशुपालकालाही शंका येत नाही.

सुदैवाने कानाचा चिमूटभर तुकडा तपासून त्याला ओळखता येते. स्वित्झर्लंडने 2008 मध्ये देशातील सर्व गुरांची तपासणी करून अशी जनावरे कळपांतून काढण्याची मोहीम सुरू केली.

इतर विषाणूंबाबत मात्र लसीकरणाची वेळच महत्त्वाची ठरते. लस फार लवकर दिली, तर आईची प्रतिपिंडे तिचा प्रभाव कमी करतात. दूध तोडणे, वाहनात चढवणे आणि लस टोचणे हे सारे एकाच दिवशी उरकण्यात सोय असली, तरी ताणाखालच्या वासराचे शरीर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून ती दूध तोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी देणे श्रेयस्कर.